'आहे' दिसलं की 'अ‍ॅम' नको

मिरज म्हणजे दवाखान्यांचं आणि सतारींचं गाव. सतारमेकर गल्लीपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर आणि घराच्या माडीवर संध्याकाळी साडेसहाला माझा इंग्रजीचा वर्ग. ३१ वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, तेव्हा पोरं 'बाई' म्हणायची. आता नर्सिंग झालेल्या मुली येतात, त्या 'मॅडम' म्हणतात. बहुतेकींना ओईटी, म्हणजे परदेशात नोकरी करू पाहणाऱ्या नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा, द्यायची असते. त्या परीक्षेत बोलण्याच्या भागात दोन रोल-प्ले असतात. कार्ड वाचायला ३ मिनिटं, मग साधारण ५ मिनिटं समोर पेशंट होऊन बसलेल्या माणसाशी बोलायचं. माझ्या माडीवर तो पेशंट मीच होते. डोक्याला पंचा बांधून कॉटवर पडते आणि कण्हते.

गेल्या पावसाळ्यात जतकडची एक मुलगी आली. हुशार, कामाला वाघ, आयसीयूत तीन वर्षं काढलेली. कॉटशी आली आणि एका दमात म्हणाली, 'गुड मॉर्निंग, आय अ‍ॅम युअर नर्स. आय अ‍ॅम हॅविंग थ्री इयर्स एक्सपीरियन्स. यू आर हॅविंग फीवर. यू आर हॅविंग डायबेटिस ऑल्सो. आर यू हॅविंग एनी रिलेटिव्ह्ज?'

मी पंचा सोडला आणि उठून बसले.

"चुकलं कुठं मॅडम? 'हॅव' म्हणजे असणे, हेच शिकवलंय की शाळेत."

शिकवलंय खरं, मीही तेच शिकवत होते. पण 'हॅव म्हणजे असणे' एवढंच पाठ केलं की हीच चूक होते, आणि इतकी वर्षं ती आपल्यासमोर असून मला तिचं मूळ दिसलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघींनी तिची सगळी वाक्यं परत मराठीत मांडली. 'मला तीन वर्षांचा अनुभव आहे. तुम्हाला ताप आहे. तुम्हाला डायबेटिस आहे. तुमचे कुणी नातेवाईक आहेत का?' प्रत्येक वाक्याच्या शेवटी आहे, आहे, आहेत. आणि शाळेत 'आहे'ची जोडी लावून दिलेली असते ती 'अ‍ॅम-इज-आर'शी. मी नर्स आहे, आय अ‍ॅम अ नर्स. मी काम करत आहे, आय अ‍ॅम वर्किंग. म्हणून डोक्यात 'आहे' आलं की तोंडातून 'अ‍ॅम' बाहेर पडतं. मग मागून आठवतं की इथं 'हॅव' पण लागतं. आता 'अ‍ॅम' तर बोलून झालेलं, मागं घेता येत नाही, म्हणून 'हॅव'ला शेपटी लावून 'हॅविंग' करायचं. झालं 'आय अ‍ॅम हॅविंग फीवर'.

यात आपला दोष एवढाच की आपल्याकडे 'हॅव'सारखं क्रियापदच नाही. मराठीत माणूस वस्तू 'हॅवत' नाही. वस्तू आपली आपण असते आणि माणसाला ती कशा नात्यानं लागू आहे ते आपण प्रत्ययानं सांगतो. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे छत्री आहे. माझं मालगावला शेत आहे. तिच्यात धमक आहे. तंबोऱ्याला चार तारा असतात. भाऊ 'माझ्याकडे' नसतात आणि छत्री 'मला' नसते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजाला मात्र या साऱ्याला एकच शब्द पुरतो. 'आय हॅव टू ब्रदर्स, आय हॅव अ‍ॅन अंब्रेला, आय हॅव अ फार्म, शी हॅज करेज, अ तानपुरा हॅज फोर स्ट्रिंग्ज.' आपणच एकटे असे नाही बरं का. जुने रोमन लोकसुद्धा 'मिही एस्ट लिबर' म्हणत, म्हणजे शब्दाला शब्द लावला तर 'मला आहे पुस्तक'.

तेव्हा पहिली कृती. 'आहे' दिसलं की लगेच 'अ‍ॅम' बोलायचं नाही, वाक्यातला माणूस कुठल्या रूपात उभा आहे ते आधी बघायचं. तो 'मी, ती, ते' असा सरळ उभा असेल तर अ‍ॅम-इज-आर. 'मी दमलेय', 'ती सिस्टर आहे'. त्याला काही चिकटलेलं असेल, म्हणजे मला, माझ्याकडे, माझा, माझ्यात, तर 'हॅव'. आणि 'तिला, त्याला, तिचा' असं एकटं माणूस असेल तर 'हॅज'. जतच्या मुलीची चारही वाक्यं या एका चाळणीतून नीट निघाली: 'आय हॅव थ्री इयर्स एक्सपीरियन्स, यू हॅव अ फीवर, यू हॅव डायबेटिस, डू यू हॅव एनी रिलेटिव्ह्ज?' प्रश्नात 'डझ' आलं की मात्र 'हॅज'चं परत 'हॅव' होतं. 'डझ शी हॅज' हे मी आजवर हजारदा तरी खोडलं असेल.

निर्जीव वस्तूंनाही हीच चाळणी लावायची. 'खोलीला दोन खिडक्या आहेत' यात 'ला' आहे, म्हणून 'द रूम हॅज टू विंडोज'. 'खोलीत एक पेशंट आहे' यात 'त' आहे, म्हणून 'देअर इज अ पेशंट इन द रूम'. वॉर्डात वीस कॉट असतील तर दोन्ही चालतं.

चाळणीला भोकं आहेत, ती सांगते. भूक, तहान, झोप, भीती आणि वय. 'मला भूक आहे' असं आपण म्हणतो, पण 'आय हॅव हंगर' नाही, 'आय अ‍ॅम हंग्री'. वयाचंही 'आय अ‍ॅम ट्वेंटी-थ्री', त्यात 'हॅव' घालायचं नाही. गंमत थंडीची आहे. 'मला थंडी वाजतेय' म्हणजे 'आय अ‍ॅम कोल्ड', आणि 'मला सर्दी झालीय' म्हणजे 'आय हॅव अ कोल्ड'. पेशंट यातलं कुठलं म्हणाला ते नीट ऐकलं नाही तर एकाला ब्लँकेट द्यायचं आणि दुसऱ्याला गोळी, यात उलटापालट होईल.

एवढं झाल्यावर ती मुलगी म्हणाली, "म्हणजे 'हॅविंग' शब्दच टाकून द्यायचा?"

नाही. आणि इथं बरेच मास्तर घोटाळा करतात. 'हॅविंग म्हटलं की चूक' असं फळ्यावर लिहून मोकळे होतात. मग मुलगी परदेशी जाते, तिथली डॉक्टरीण पेशंटला सरळ 'आर यू हॅविंग एनी पेन?' विचारते आणि हिला वाटतं, डॉक्टरणीचंच इंग्रजी कच्चं आहे की काय!

माझी युक्ती मराठीतलीच आहे. ती व्याकरणाच्या पुस्तकात सापडायची नाही, लेबर रूममध्ये सापडेल. 'तिला बाळ आहे' म्हणजे 'शी हॅज अ बेबी'. 'तिला बाळ होणार आहे' म्हणजे 'शी इज हॅविंग अ बेबी'. पहिल्यात नुसतं 'आहे', दुसऱ्यात 'होणे' आलं. 'कळा येताहेत' म्हणजे 'शी इज हॅविंग कॉन्ट्रॅक्शन्स', कारण कळा येतात आणि जातात, त्या 'असत' नाहीत. 'त्याला एपिलेप्सी आहे', 'ही हॅज एपिलेप्सी'. पण समोर फिट येतेय आणि तुम्ही डॉक्टरांना हाक मारताय, तर 'ही इज हॅविंग अ सीझर'. 'श्वास घ्यायला त्रास होतोय', 'ही इज हॅविंग ट्रबल ब्रीदिंग'. 'जेवतोय', 'ही इज हॅविंग लंच'. मराठीत येणे, होणे, घेणे, जेवणे, दुखणे असं काही चाललेलं असेल तर 'हॅविंग' बिनधास्त. नुसतं 'आहे' असेल तर 'हॅव' किंवा 'हॅज', आणि 'इंग' गिळून टाकायचं. भाऊ, नवरा, पदवी, अनुभव, गाडी, डायबेटिस यांना कधीही 'हॅविंग' नाही. दोन भाऊ चालू नसतात, ते असतात.

चहाचं बघा. 'चहा घेणार?' हे आपलं बोलणं आणि 'विल यू हॅव सम टी?' हे त्यांचं, दोन्हीकडे पिण्याचं नावच नाही. भाषाशास्त्रवाले सांगतात की 'हॅव'च्या मुळाशी 'पकडणे, हातात घेणे' हाच अर्थ होता. लॅटिनमधल्या 'हाबेरे'शी तो सारखा दिसतो, अर्थही तोच, पण तो त्याचा सख्खा नाही. त्याचा लॅटिन नातेवाईक निघाला 'कापेरे', म्हणजे पकडणे, ज्याच्यातून इंग्रजीत 'कॅप्चर' आला. हे मी वर्गात सांगितलं की मुली माना डोलावतात आणि वहीत काही लिहीत नाहीत. पण 'हॅव'ला 'घेणे' हा अर्थ लावायला मला तरी याचा उपयोग झाला.

आजारांच्या आधी 'अ' लावायचं की नाही, हे थोडक्यात उरकते, कारण यात तर्क चालत नाही, पाठच करावं लागतं. 'अ हेडेक, अ कफ, अ कोल्ड, अ फीवर, अ सोअर थ्रोट' यांना 'अ' लागतं. 'डायबेटिस, अस्थमा, डायरिया, हाय ब्लड प्रेशर' यांना नाही. ब्रिटनमध्ये तापाला 'शी हॅज अ टेम्परेचर' म्हणतात. हे ऐकून वर्ग हसतो, की टेम्परेचर तर मढ्यालाही असतं! हसा, पण तसंच म्हणा. आणि 'लूज मोशन' आपल्या गावाच्या वेशीपर्यंतच, पुढं डायरिया.

आता ज्या 'हॅव'नं माणूस जिवाला मुकेल ते सांगते. 'हॅव टू', म्हणजे लागणे. 'मला जावं लागतं' म्हणजे 'आय हॅव टू गो', 'जावं लागलं' म्हणजे 'आय हॅड टू गो', 'जावं लागेल' म्हणजे 'आय विल हॅव टू गो'. सोपं आहे, 'लागणे' दिसलं की 'हॅव टू'. जरा जपायचं ते 'जायचंय'ला. 'मला पुण्याला जायचंय' यात हौस आहे की नाइलाज, ते आपण आवाजावरून ओळखतो. इंग्रजीत निवडावंच लागतं. हौस असेल तर 'वॉन्ट टू', नाइलाज असेल तर 'हॅव टू'.

पण खरा खड्डा नकारात आहे. परवाचाच रोल-प्ले. मी उद्या ऑपरेशन असलेली पेशंट. सांगलीची मुलगी मला सूचना देत होती. तिच्या मनात होतं, 'रात्री बारानंतर काही खायचं नाही'. म्हणाली, 'यू डोन्ट हॅव टू ईट आफ्टर मिडनाईट.'

मी म्हटलं, 'थँक यू सिस्टर, बट आय विल हॅव टू इडलीज अ‍ॅट सिक्स.'

ती गडबडली. मी पेशंटच्या भूमिकेतून हलले नाही, सकाळच्या सांबारचीही चौकशी केली. मग तिला उकल करून सांगितली. 'डोन्ट हॅव टू' म्हणजे 'खायलाच हवं असं नाही'. खायचं तर खा, सक्ती नाही. तिला म्हणायचं होतं 'खायचं नाही', म्हणजे 'यू मस्ट नॉट ईट', किंवा पेशंटशी जरा मऊ बोलायचं तर 'प्लीज डोन्ट ईट एनीथिंग आफ्टर मिडनाईट'. मराठीत ही दोन वाक्यं एकमेकांपासून कोसभर लांब आहेत, कुणी गल्लत करत नाही. इंग्रजीत मात्र 'हॅव टू'ला पुढं 'डोन्ट' लावला की मनाई होत नाही, फक्त सक्ती उठते. 'मस्ट'ला 'नॉट' लावला की मनाई. हे वाक्य मी भिंतीवर चिकटवलंय. सांगलीची मुलगी आता वर्गात आली की आधी इडलीबद्दलच विचारते.

एक 'हॅव' असा आहे की ज्याची गरज आपल्याला भासतच नाही, म्हणून तो कुणी वापरत नाही. आपण सर्रास म्हणतो, 'मी काल केस कापले', 'दाढ काढली', 'आम्ही घर बांधलं', 'रक्त तपासलं'. कात्री न्हाव्याची, पक्कड डेंटिस्टची, थापी गवंड्याची, पण कर्ता आपण. ऐकणाऱ्यालाही कळतं. हेच जसंच्या तसं इंग्रजीत नेलं, 'आय रिमूव्ड माय टूथ येस्टरडे', की समोरचा तुमच्या धैर्याकडे बघत राहतो, की हिनं आरशात बघून स्वतःच उपटली! तिथं म्हणायचं, 'आय हॅड माय टूथ रिमूव्ड'. केसांचं 'आय हॅड माय हेअर कट', घराचं 'वुई हॅड अ हाउस बिल्ट', रक्ताचं 'आय हॅड माय ब्लड टेस्टेड'. सांगाडा असा, की 'हॅड', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. क्रम बदलून 'आय हॅड कट माय हेअर' केलं की परत कात्री तुमच्याच हातात.

याच सांगाड्यात वाईट घटनाही बसते. 'माझं पाकीट मारलं' म्हणजे 'आय हॅड माय वॉलेट स्टोलन'. ते तुम्ही मारून घेतलं असा त्याचा अर्थ होत नाही, तुमच्यावर तो प्रसंग आला एवढाच. आणि माणसाकडून काम करून घ्यायचं असेल तर तिसरं रूप नाही, साधं पहिलं रूप. 'पेशंटची सही घ्या' म्हणजे 'हॅव द पेशंट साइन द फॉर्म'. हे वाक्य वॉर्डात रोज लागतं.

राहिला काळाचा 'हॅव'. यात मराठी आपल्याला अर्धी मदत करते आणि अर्धं बुडवते. मदत अशी. 'नाश्ता झाला का?' याला हुबेहूब 'हॅव यू हॅड युअर ब्रेकफास्ट?'. दोन 'हॅव' बघून मुली बिचकतात, पण पहिला काळाचा आणि दुसरा जेवणाचा. 'झाला का' असं विचारता ना, मग तेच आहे ते. तसंच 'ती मुंबईला गेलीय' म्हणजे 'शी हॅज गॉन टु मुंबई', अजून तिथंच आहे. 'मी मुंबईला जाऊन आलेय' म्हणजे 'आय हॅव बीन टु मुंबई'. 'जाऊन येणे' या आपल्या दोन शब्दांना त्यांच्याकडे एकटं 'बीन' आहे. हे कळलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे चार मार्क वाचले असते."

बुडवणं असं. 'मी काल सांगलीला गेले होते.' मराठीत हे अगदी सरळ वाक्य, आणि 'होते' दिसलं की हात 'हॅड'कडे जातो. 'आय हॅड गॉन टु सांगली येस्टरडे.' इंग्रज ऐकतो आणि थांबतो. त्याला वाटतं, गेली होतीस, मग पुढं काय झालं? कारण त्याच्या भाषेत 'हॅड गॉन' हे अर्धं वाक्य आहे. त्यानंतर घडलेली दुसरी गोष्ट यायला हवी. 'मी स्टँडवर पोचले तेव्हा एसटी गेली होती' म्हणजे 'द बस हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड द स्टँड'. इथं 'हॅड' बरोबर, कारण दोन घटना आहेत आणि एसटी आधीची. काल नुसतं सांगलीला जाऊन आलात तर 'आय वेन्ट टु सांगली येस्टरडे', संपलं. हँडओव्हर लिहिताना तर हे फार जपा. 'पेशंट हॅड व्हॉमिटेड अ‍ॅट थ्री' लिहिलं की पुढच्या शिफ्टची बाई तीननंतरची दुसरी गोष्ट शोधत बसते. 'व्हॉमिटेड अ‍ॅट थ्री' पुरे.

आणि 'काल', 'सकाळी नऊला', 'गेल्या आठवड्यात' असा ठरलेला वेळ वाक्यात असेल तर 'हॅव'चा काळ वापरायचा नाही. 'आय हॅव गिव्हन द इंजेक्शन' चालेल. 'अ‍ॅट नाईन' जोडलंत की 'आय गेव्ह'.

उच्चाराचं शेवटी सांगते, कारण ते ऐकल्याशिवाय कळत नाही. देवनागरीत लिहिलं तर 'आय हॅव टू' हे दोन्हीकडे सारखंच दिसतं. पण 'माझ्याकडे दोन पेशंट आहेत' म्हणताना 'हॅव'चा 'व' घुमतो आणि 'टू' ठसठशीत येतो, कारण तो आकडा आहे. 'मला जावं लागेल' म्हणताना 'व'चा 'फ' होतो आणि 'टू' जेमतेम ऐकू येतो, 'हॅफ्ट' असा. 'हॅज टू'चं 'हॅस्ट'. आणि 'शुड हॅव' तर बोलताना 'शुडव' इतका आखडतो की खुद्द इंग्रजी बोलणारी पोरं तो 'शुड ऑफ' समजून तसाच लिहितात. तिथल्या कुणी मेसेजमध्ये तसं लिहिलं तर तुम्ही उचलू नका.

वर्गाला मी एक घरपाठ देते. एक दिवस इंग्रजी बोलायचंच नाही. घरात, वडापमध्ये, ड्युटीवर, जिथं 'आहे' ऐकाल ते वाक्य मराठीतच वहीत उतरवायचं, अशी वीस वाक्यं. शेजारी फक्त एक खूण: माणूस सरळ उभा असेल तर उभी रेघ, 'मला-माझ्याकडे-माझा' असेल तर गोल. दुसऱ्या दिवशी गोलवाल्या वाक्यांचं 'हॅव' करायचं आणि भूक, तहान, वय यांची काढून बाजूला ठेवायची. जतच्या मुलीनं पहिल्याच दिवशी चौतीस आणली होती, त्यातलं एक तिच्या आजीचं होतं: 'मला कुणी नाही.' त्याला तिनं गोल केला होता, बरोबर केला होता. 'आय हॅव नोबडी.'

वही कुठलीही चालेल, शाई निळी. लाल पेन आणू नका, ते माझ्याकडे आहे.